फोनवर आपली, दारात परकी : सोलापुरातल्या एका लेडीज पीजीची केस

रंग बघून माणसाला वेगळं वागवण्याचं हे प्रकरण माझ्याच घरातलं आहे आणि त्यात चुकलेलं माणूस मीच आहे, ते आधीच सांगून टाकते म्हणजे वाचताना व्हिलन कोण ते शोधत बसायला नको. आमच्याकडं राहायला आलेल्या मुलीचं नाव बदललंय, रेणुका म्हणू. तिला विचारूनच लिहितेय, ती म्हणाली लिहा की अक्का, लॅबचं नाव तेवढं नको.

जागा आणि माणसं

विजापूर रोडला आमचं दोन मजली घर आहे, वरचा मजला आणि गच्चीवरची एक खोली मिळून बारा कॉट, नऊ वर्षं झाली कॉट बेसिसवर मुली ठेवते. ह्यांचं टॉवेलच्या कारखान्यात अकाउंटचं काम होतं, आता रिटायर. घरात सासूबाई, वय ८२. सासर लिंगायत, घरात कानडी, दारात मराठी, दोन गल्ल्या पुढं गेलं की तेलुगू नाहीतर उर्दू, सोलापूरकराला हे सांगायला नको. माझं माहेर बार्शीचं, कानडी लग्नानंतर शिकले, पहिली दोन वर्षं सासूबाई काय म्हणतात ते तोंडाकडं बघून ओळखायचे, आता भाजीवाल्याशी भांडणसुद्धा कानडीतच होतं.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे मी स्वतःला लई मोकळ्या मनाची समजायचे. चार भाषांच्या गावात राहतो, सगळ्या जातीधर्माच्या मुली आमच्याकडं राहून गेल्या, आपल्यात कसला आलाय भेदभाव, हे माझं पेटंट वाक्य होतं. टीव्हीवर अमेरिकेतल्या काळ्या-गोऱ्यांचं काही दाखवलं की मी हळहळायचे पण, आणि लगेच चहा टाकायला उठायचे.

फोन आणि दार

जूनमध्ये एक फोन आला. मुलगी कानडीतून बोलली, कर्नाटकातल्या हल्याळकडची, डीएमएलटी म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा झालाय, सोलापुरात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी लागलीय, कॉट आहे का. माझा पहिला प्रश्न नेहमीचा, आडनाव काय. ती म्हणाली सिद्दी. मला ऐकू आलं सिद्धी. आमच्या सिद्धरामेश्वराच्या गावात सिद्धी ऐकल्यावर अजून काय पाहिजे, मी खुश, म्हणलं ये की बाळ, भाडं जेवणासकट साडेचार हजार, डिपॉझिट पाच हजार, वरच्या मजल्यावरची खिडकीजवळची कॉट देते. सासूबाईंना पण सांगितलं, आपल्याकडचीच मुलगी येऊलालीय, तुम्हाला बोलायला होईल.

रविवारी दुपारी बेल वाजली, दार उघडलं तर समोर बॅग घेऊन एक उंच मुलगी, रंग गडद काळा, केस बारीक कुरळे घट्ट वेणीत बांधलेले. मला जे वाटलं ते जसंच्या तसं लिहिते. वाटलं की ही आफ्रिकन आहे आणि पत्ता चुकलीय. ती म्हणाली, "नमस्कार अक्का, फोन माडिद्दे." म्हणजे मी फोन केला होता. अगदी स्वच्छ कानडी. आणि मी काय केलं असेल? मी तिला हिंदी-इंग्लिशची खिचडी करून, हात हलवून, जरा मोठ्यानं विचारलं, "यू, पासपोर्ट है?"

ती परत कानडीत म्हणाली, अक्का मी हल्याळची, बुधवारी आपण बोललो. आणि माझ्या डोक्यात पुढचा विचार आला तो असा की बघ, किती छान कानडी शिकलीय ही. म्हणजे कान सांगतायत एक आणि डोळे सांगतायत एक, आणि मी डोळ्याचं खरं धरून कानावर पडलेलं त्यात बसवत होते. आधार कार्ड तिनं पुढं केलं, मी ते मागनं पुढनं बघितलं, नऊ वर्षांत कुणाचं आधार असं उलटं करून बघितलं नव्हतं. फॉर्म सी भरावा लागेल का हेही मनात येऊन गेलं. परदेशी माणूस राहायला ठेवलं की २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन भरावी लागते हे पीजीवाल्यांना माहिती असतं. हातात आधार आणि डोक्यात फॉर्म सी!

शेवटी म्हणलं बरं, ये, पण डिपॉझिट दुप्पट. दहा हजार. हे वाक्य मी ठरवून बोलले नाही, तोंडातून निघालं. ती काहीच बोलली नाही, फोनवरून पैसे टाकले. खिडकीजवळची कॉट पण तिला मिळाली नाही. मी म्हणलं गच्चीवरची खोली घे, तुला मोकळं वाटेल.

एवढ्यात आतल्या खोलीतनं सासूबाईंचा आवाज आला. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, डोळ्याला पट्टी, पडदा ओढून पलंगावर. त्यांना फक्त आवाज ऐकू गेला होता. "यावूरव्वा निंदू?" कुठलं गाव गं तुझं. ती म्हणाली, "हळियाळ, अज्जी." आणि मग दहा मिनिटं पडद्याच्या अलीकडून पलीकडं गप्पा, ज्वारी का तांदूळ, पाऊस झाला का, आईला किती मुलं, जेवलीस का. सासूबाईंना ती मुलगी पहिल्या मिनिटाला घरची वाटली आणि मी हातात आधार कार्ड घेऊन मधे उभी.

सासूबाई संत होत्या असं मात्र नाही. चार दिवसांनी पट्टी निघाली, तिला बघितलं, आणि रात्री मला हळूच म्हणाल्या, पोरगी गुणाची आहे, रंगच तेवढा असा. म्हणजे पडदा होता तोवर सगळं बरोबर चाललं होतं.

ही भानगड माझ्या डोक्यात फार उशिरा शिरली. अमेरिकेतल्या मोठ्या ऑर्केस्ट्रांनी १९७०-८० च्या सुमारास ऑडिशनला पडदा लावायला सुरुवात केली, वाजवणारा दिसूच नये म्हणून, पायाचा आवाज सुद्धा येऊ नये म्हणून खाली गालिचा टाकायचे. तो विषय बायकांना घ्यायचा होता, रंगाचा नव्हता, आणि पडद्याने नेमका किती फरक पडला यावर अभ्यासक अजून वाद घालतात. पण परीक्षकाला स्वतःच्या डोळ्याची खात्री नसली तर डोळाच झाका, ही युक्ती आमच्या घरात मोतीबिंदूने आपोआप करून दाखवली.

सिद्दी म्हणजे कोण

हे मला माहितीच नव्हतं, हल्याळ इथून किती लांब, पण नव्हतं. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड ह्या भागात सिद्दी लोक राहतात, त्यांचे पूर्वज काही शतकांपूर्वी पूर्व आफ्रिकेतून आलेले, बरेच जण पोर्तुगिजांनी गोव्यात गुलाम म्हणून आणलेले आणि तिथून घाटातल्या जंगलात पळालेले. कानडी, कोकणी, मराठी बोलतात, त्यांच्यात हिंदू, मुसलमान, ख्रिश्चन तिन्ही आहेत. २००३ मध्ये उत्तर कन्नडच्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, २०२० मध्ये शांताराम सिद्दी कर्नाटकच्या विधान परिषदेवर गेले, आणि गुजरातच्या सिद्दी समाजातल्या हिराबाई लोबी यांना २०२३ ला पद्मश्री मिळाली. रेणुकाच्या घरची दोन एकर भातशेती आहे. पासपोर्ट तिच्या घराण्यात आजपर्यंत कुणीच काढलेला नाही.

चांगलं वाटणारा भेदभाव

पहिल्या महिन्यानंतर मला वाटायला लागलं की झालं, आता मी तिला घरच्यासारखं वागवतेय. गोची इथंच आहे. कारण आता मी वाईट काही मनात आणत नव्हते, चांगलंच आणत होते, आणि ते पण तिच्या रंगावरूनच.

गॅसचा सिलिंडर आला की मी वर हाक मारायचे, रेणुका, ये गं जरा. बारा मुली घरात, त्यातल्या तीन तर जिमला जाणाऱ्या, पण हाक हिलाच. ती यायची, सिलिंडर तिरका करून कडेकडेने गोल फिरवत स्वयंपाकघरात न्यायची. चौथ्या पाचव्या वेळेला तिनं उंबऱ्यापाशी सिलिंडर थांबवून कमरेवर हात ठेवला आणि म्हणाली, "अक्का, मी लॅबमध्ये दिवसभर सूक्ष्मदर्शकासमोर बसते, माझी पाठ दुखती." मला तर वाटायचं हिला काय, अंगात ताकद असणारच. का असणार? विचारलंच नव्हतं मी. रक्षाबंधनाच्या कार्यक्रमात पण मी तिला म्हणलं होतं तू डान्स कर की, तुमच्यात चांगला करतात. ती म्हणाली मला येत नाही, मी विज्ञान प्रदर्शनवाली. बाकीच्या हसल्या, मी पण हसले, विषय संपला असं वाटलं.

मग सप्टेंबरमध्ये जे झालं ते मला अजून खुपतं. जुलैमध्ये मोहोळच्या मुलीचा, तिला स्वाती म्हणू, हात कुकरच्या वाफेनं भाजला होता. मी धावत गेले, हात नळाखाली धरला, रिक्षा बोलावली, दवाखान्यात नेलं, आल्यावर स्वतः भाकरी मोडून भरवली. सप्टेंबरमध्ये तोच कुकर, तीच वाफ, रेणुकाचा हात. मी लांबूनच म्हणलं, काही नाही गं, पाणी लाव, ट्यूब आहे बघ फ्रीजवर. आणि टीव्ही बघत बसले.

रात्री स्वाती खाली आली. ती भांडायला आली नव्हती, साधंच विचारलं, "आंटी, माझ्या वेळी तुम्ही रिक्षा बोलावली होती ना?" मी म्हणणार होते तुझं जास्त होतं, पण वर जाऊन बघितलं तर मनगटापासून कोपरापर्यंत फोड. काळ्या कातडीवर लाली दिसत नाही चटकन, फोड यायच्या आधी मला ते भाजल्यासारखं दिसलंच नाही, हा एक भाग. दुसरा भाग हा की ही सहन करेल असं मी गृहीत धरलं होतं. तिनं ओरडा केला नाही ह्याचा अर्थ मी दुखत नाही असा घेतला. स्वातीनं पण फार ओरडा केला नव्हता.

नंतर कळलं की शिकलेले डॉक्टर सुद्धा ह्यात सापडलेत. २०१६ मध्ये अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठात गोऱ्या मेडिकल विद्यार्थ्यांना आणि रेसिडेंट डॉक्टरांना काही विधानं दिली, काळ्या लोकांची कातडी जाड असते वगैरे, सरळ खोटी, तरी निम्म्याच्या आसपास लोकांनी त्यातलं एखादं तरी खरं मानलं, आणि जे मानत होते त्यांनी काळ्या पेशंटचं दुखणं कमी धरलं. वाचताना मला माझा फ्रीजवरचा ट्यूब आठवला.

दिवाळीतला हिशोब

दिवाळीत भाची आली, पुण्यात सायकॉलॉजीत एमए करते. मी तिला हे सगळं सांगितलं, थोडं स्वतःची बाजू घेऊनच. तिनं लॅपटॉप काढला, म्हणली मामी एक टेस्ट दे. गोरे चेहरे, काळे चेहरे, चांगले शब्द, वाईट शब्द, दोन बोटं दोन बटणांवर, पटापट डावीकडं उजवीकडं टाकायचं. मग जोड्या बदलतात आणि तुमचं बोट अडखळतं, ते अडखळणं सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजतात. १९९८ मध्ये अँथनी ग्रीनवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत मांडली, त्यांच्याबरोबर ह्या विषयावर काम केलेल्या महजरीन बानाजी ह्या बाई सिकंदराबादच्या, म्हणजे आपल्या इथून गाडीत बसलं की संध्याकाळपर्यंत पोचतो तिथल्या. मला उगाच जवळच्या वाटल्या.

निकाल आला, गोऱ्यांकडं स्ट्राँग ओढा. मी नाराज. दुसऱ्या दिवशी परत दिली, मॉडरेट आला. भाची म्हणली मामी हा शुगरचा रिपोर्ट नाही, एकाच माणसाचा आकडा वरखाली होतो, आणि ह्या आकड्यावरून तू उद्या कशी वागशील हे नीट सांगता येत नाही, त्यावरनं मोठे वाद आहेत. मग मी विचारलं उपाय काय. तिनं सांगितलेलं ऐकून मी अजूनच नाराज झाले. २०१६ मध्ये अमेरिकेत नऊ वेगवेगळे उपाय सहा हजारांवर कॉलेजच्या मुलामुलींवर करून बघितले, नऊच्या नऊ उपायांनी लगेच फरक पडला, आणि काही तासांत नाहीतर काही दिवसांत सगळं परत होतं तिथं. म्हणजे मन साफ करायचा साबण निघालेला नाही अजून.

"मनाचं राहू दे मामी," ती म्हणली, "तुझं रजिस्टर आण."

माझं रजिस्टर म्हणजे लाल कापडी बांधणीची वही, दरवर्षी पाडव्याला नवी घेते. तिनं तीन वर्षांच्या वह्या घेतल्या, एका कागदावर नाव, डिपॉझिट, कुठली कॉट, असे रकाने पाडले आणि फराळाच्या ताटाशेजारी बसून भरत गेली. तीन वर्षांतल्या सगळ्या मुलींचं डिपॉझिट पाच हजार, एकीच्या वडिलांनी हातापाया पडून तीन दिलेलं. दहा हजार एकच. गच्चीवरची खोली कुणीतरी मागितल्याशिवाय दिली असं पण एकदाच. मला कुणी विचारलं असतं की रेणुकाकडून जास्त का घेतलं तर मी लगेच कारण दिलं असतं, लांबची आहे, लोकल गार्डियन नाही. पण यादीत लातूरची होती, नांदेडची होती, लोकल गार्डियन नसलेल्या चार होत्या.

त्याच रात्री पाच हजार पाकिटात घालून तिला परत दिले. वाटलं होतं ती रडेल बिडेल. ती शेंगाची चटणी भाकरीवर पसरत होती, म्हणाली, मला माहिती होतं अक्का, फोनवर पाच ठरले होते. मग बोलली का नाहीस? तर म्हणाली, "त्या दिवशी तुमचं पाचवं घर होतं. चार ठिकाणी फोनवर हो होतं आणि दारात भरलं होतं. तुम्ही पैसे जास्त मागितले, म्हणजे ठेवून तरी घेणार होता."

मी त्यावर काय बोलणार. उठून तिला ताक आणलं.

काय बदललं

भाचीचं म्हणणं मला पटलं की ज्या क्षणी डोळा निर्णय घेतो त्याच्या आधी कागदानं निर्णय घ्यायचा. म्हणून आता फोनवरच कॉट नंबर आणि रक्कम वहीत लिहायची आणि तेच मुलीला व्हॉट्सॅप करायचं, दारात आल्यावर त्यात बदल नाही. बदल करायचाच असेल तर वहीत कारण एका ओळीत लिहायचं आणि ह्यांची सही घ्यायची. ह्यांनी आयुष्यभर व्हाउचर तपासलेत, कारण पटल्याशिवाय सही मिळत नाही. गंमत म्हणजे "मुलगी जरा वेगळी वाटली" हे लिहायला घेतलं की पेन पुढं जात नाही, मनातल्या मनात मात्र ते अगदी व्यवस्थित कारण वाटतं.

आडनाव फोनवर विचारायचं बंद केलं. लई अवघड गेलं, आपल्याकडं आडनाव म्हणजे हॅलोच्या पुढचा शब्द. पण २००७ मध्ये सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी भारतातल्या कंपन्यांना सारख्याच शिक्षणाचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवले होते, दलित नावांना उच्च जातीच्या नावांपेक्षा कमी उत्तरं आली आणि मुसलमान नावांना त्याहून कमी. आणि माझ्या केसमध्ये तर रेणुकाला कॉट मिळाली तीच मुळात मला तिचं आडनाव चुकीचं ऐकू आलं म्हणून. नीट ऐकू आलं असतं तर काय झालं असतं ते मी ठामपणे सांगू शकत नाही.

सिलिंडरला आता पाळी लावली, दोघी दोघी. औषधाच्या डब्यावर कागद चिकटवला, भाजलं तर गार वाहतं पाणी वीस मिनिटं, फोड आला तर दवाखाना, मुलगी कुणीही असो. दिसायला बावळट वाटतं, पण परवा नांदेडच्या मुलीला चटका बसला तेव्हा मी घड्याळ लावून उभी राहिले.

गल्लीतलं प्रकरण मात्र कागदानं सुटलं नाही. ऑगस्टमध्येच गल्लीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर एका शेजाऱ्यांनी टाकलं होतं, रात्री अकराला एक निग्रो बाई फिरताना दिसते, सगळ्यांनी लक्ष ठेवा. ती लॅबच्या सेकंड शिफ्टवरून येत होती. तेव्हा मी ग्रुपवर नुसतं हात जोडल्याची इमोजी टाकली होती, घाबरटपणा दुसरं काय. दिवाळीनंतर परत तसाच मेसेज आला तेव्हा मी लिहिलं, ती काय करताना दिसली तेवढं लिहा. अर्धा तास ग्रुप शांत. मग उत्तर आलं, चालत होती. अमेरिकेत नेक्स्टडोर नावाच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या अॅपनं २०१६ मध्ये असंच काहीतरी केलं, संशयित म्हणून कुणाबद्दल लिहायचं तर नुसता रंग लिहून चालणार नाही, कपडे, वागणं हे पण भरायचं, आणि कंपनीनं सांगितलं की रंगावरून टाकलेल्या पोस्टी ७५ टक्क्यांनी घटल्या. आमच्या गल्लीचा टक्का मी काढलेला नाही. त्या शेजाऱ्यांनी आमच्याकडं संक्रांतीचं वाण पाठवलं नाही यंदा, एवढं सांगते.

गड्डा

जानेवारीत गड्ड्याच्या म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला आम्ही सगळ्या गेलो, सासूबाईंना पण घेतलं रिक्षातून. दुपारी संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, सात नंदीध्वज म्हणजे उंच सजवलेल्या काठ्या, रेणुका तोंड वर करून बघत होती, तिला काठीचा तोल कसा सांभाळतात ह्याचंच पडलेलं. संध्याकाळी होम मैदानावर पाळण्यापाशी चार पोरं आली, न विचारता मधे घुसून सेल्फी काढायला लागली, "मॅडम विच कंट्री?" एकानं तर केसाला हात लावला. मी त्या पोराचा हात झटकला आणि ओरडले, सोलापुरी भाषेत जे तोंडाला आलं ते. रेणुकानं मला मागं ओढलं. म्हणाली अक्का रोजचं आहे, तुम्ही किती जणांना ओरडणार. मला तोवर वाटत होतं की ती माझ्या घरात राहते म्हणजे तिला आता त्रास नाही. माझ्या दारापासून लॅबपर्यंत रोज दोन किलोमीटर असतात हे डोक्यातच आलं नव्हतं.

परत येताना भुईकोट किल्ल्याजवळ ट्रॅफिकमध्ये अडकलो. ह्यांना इतिहासाचा नाद, म्हणाले हा किल्ला एकदा मलिक अंबरनं आदिलशहाकडून घेतला होता, भातवडीच्या १६२४ च्या लढाईनंतर. इथिओपियातनं गुलाम म्हणून विकत विकत आलेला माणूस, निजामशाहीचा वजीर झाला, ज्याचं पुढं औरंगाबाद झालं ते खडकी वसवलं. रेणुका किल्ल्याच्या भिंतीकडं बघत होती, मग वळून मला म्हणाली, "म्हणजे अक्का, तेव्हा डिपॉझिट तुम्ही भरायचं होतं." सासूबाईंना काहीच कळलं नाही, पण सगळे हसले म्हणून त्या पण हसल्या.

अजून काय शिल्लक आहे

फेब्रुवारीत एका मुलीचा फोन झाला, कॉट नंबर आणि रक्कम लिहिली, मेसेज केला, सगळं पद्धतीप्रमाणं. ती फॉर्म भरायला आली तर लोकल गार्डियन मामा, पत्ता सेटलमेंट. माझं मन लगेच दागिन्यांच्या कपाटाकडं गेलं. १८७१ मध्ये इंग्रजांनी कायदा करून काही जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या, सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं, तीच ही सेटलमेंट, स्वातंत्र्यानंतर १९५२ ला तो कायदा गेला. म्हणजे कायदा गेला तेव्हा माझा जन्म पण नव्हता, आणि माझं मन अजून त्या तारेच्या अलीकडनं बघतंय. कॉट तिला मिळाली, कारण ती आधीच वहीत लिहिली होती. मी चांगली झाले म्हणून मिळाली असं म्हणायची माझी हिंमत नाही.

आणि एक गोष्ट राहिलीच, भाचीनं दिवाळीत काढलेली, मी टाळत होते.

रजिस्टरबरोबर माझी एक चौकशीची डायरी असते, फोन कुणाचा आला, काय सांगितलं. भाचीनं दोन्ही शेजारी ठेवून बघितलं. दोन वर्षांपूर्वीच्या जुलैमध्ये एक मुलगी दारात आली होती, नर्सिंगच्या नोकरीसाठी, ईशान्येकडची. कुठल्या राज्यातली ते मी विचारलं पण नव्हतं, डायरीत कंसात लिहिलंय नेपाळी, आणि ती नेपाळी नव्हती, तिनं दोनदा सांगितलेलं मला आठवतंय. २०१४ ला दिल्लीत अरुणाचलच्या निडो तानियाला मारहाण झाली, तो गेला, तेव्हा मी ह्यांना म्हणाले होते उत्तरेकडची माणसंच तशी, आपल्याकडं असलं होत नाही. त्या मुलीच्या नावापुढं माझ्या अक्षरात आहे, फुल सांगितलं. आणि रजिस्टरला त्याच जुलैत कॉट नंबर सात रिकामी आहे, गणपती होईस्तोवर.

बाहेर पाऊस होता त्या दिवशी, तिच्या हातात छत्री नव्हती, हे डायरीत नाही पण मला आठवतंय. नंबर आहे डायरीत. दिवाळीत एकदा लावला, गड्ड्याहून आल्यावर एकदा लावला, अस्तित्वात नाही म्हणून सांगतात.